डाव्या गालाचा सिद्धांत

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या बाप्पा, कारण एकदा मी सांगायला बसले की मध्ये थांबवलेलं मला चालत नाही. आमचा विलास म्हणतो, ही गोष्ट तू इतक्यांना सांगितलीस की आता तिला पेन्शन द्यायला पाहिजे. म्हणू द्या त्याला. फजिती माझी झाली, नवऱ्याची नाही. स्वतःच्या फजितीवर तरी बाईमाणसाचा हक्क असावा की नाही?

ऐंशीच्या दशकाचा शेवट शेवट असेल. मी पीएच.डी. करत होते. विषय काय, तर माणसाला दिसतं कसं. डोळ्याचा डॉक्टर बॅटरी मारून पाहतो ते नाही हो. डोळ्यांत उजेड शिरला, पुढे मेंदूत गेला, आणि मेंदूनं पटकन सांगितलं की हा चेहरा आहे आणि ते मडकं आहे. हे तो ठरवतो कसं? तर मेंदूतल्या पेशींचं जाळं असतं, तसंच एक छोटं जाळं कॉम्प्युटरमध्ये बनवायचं, त्याला चित्रं दाखवायची आणि ते आपल्यासारखं बघायला शिकतं का ते पाहायचं. न्यूरल नेटवर्क म्हणतात त्याला. आता शाळेतली पोरंही हा शब्द येताजाता वापरतात. तेव्हा नागपुरात मी हे नाव घेतलं की लोक विचारायचे, "सरकारी आहे का?"

ते जाळं शिकतं कसं, तेही सांगते. घाबरू नका, गणित नाही सांगत. आपण लेकराला शिकवतो तसंच. चित्र दाखवायचं, ते म्हणतं मडकं. आपण म्हणायचं, चूक, हा चेहरा. मग ते आतल्या आत स्वतःला थोडंसं बदलतं. पुन्हा दाखवायचं, पुन्हा चूक काढायची. असं हजारदा. लेकरू एव्हाना रडून झोपलं असतं, कॉम्प्युटर बिचारा कुठे जाणार?

पण फोटो कॉम्प्युटरमध्ये घालायचा कसा? आज खिशातून फोन काढला की झालं. तेव्हा तसलं यंत्र आमच्या कॉलेजच्या स्वप्नातही नव्हतं. अख्ख्या विभागात एक कॉम्प्युटर, त्याला एसीची खोली, आणि त्या खोलीबाहेर आम्ही देवळासारख्या चपला काढायचो. म्हणून मी देशी उपाय काढला. फोटोवर बटर पेपर ठेवायचा, त्यावर बारीक चौकटी आखायच्या. ज्या चौकटीत काळं जास्त ती शिसपेन्सिलीनं काळी करायची, बाकीच्या कोऱ्या सोडायच्या. मग काळ्या चौकटीला एक, कोऱ्या चौकटीला शून्य, असं करत अख्खा माणूस कीबोर्डवर बडवायचा.

एका चेहऱ्यात अडीचशेच्या वर चौकटी! आणि मला चेहरे हवे होते ढीगभर. शिवाय चेहरा नसलेल्या वस्तू, म्हणजे मडकी, संत्री, किटल्या, कंदील, त्याही ढीगभर. माझी मान धरली, डोळे चुरचुरायला लागले, आणि चित्रं मात्र बोटावर मोजण्याइतकी तयार झाली.

त्यात वरून टांगती तलवार. माझी मुदत संपत आली होती आणि दाखवायला हातात काही नव्हतं. विभागाच्या समितीनं माझ्या गाईडना, पाठक सरांना, स्पष्ट कळवलं होतं. पुण्याहून एक तज्ज्ञ येतील, त्यांच्यासमोर बाईंच्या मशीननं काही ओळखून दाखवलं तर ठीक, नाही तर नोंदणी रद्द. समितीतले एक जण वर असंही म्हणाले म्हणे, की त्यांना घरसंसार आहे, लहान मुलगी आहे, कशाला उगाच ओढाताण. हे मला फार झोंबलं. मी काय भिशीला येत होते का कॉलेजात? मला डॉक्टर व्हायचं होतं.

आता या गोष्टीतलं मुख्य पात्र येतंय, तेव्हा जरा सरसावून बसा. माझ्या सासूबाई. त्यांना मी आई म्हणायची. रामटेकच्या, धानाच्या शेतीवाल्या घरातल्या. सासरे गेल्यावर त्या आमच्याकडे प्रताप नगरला राहायला आल्या होत्या आणि माझी पिंकी त्यांच्याच मांडीवर वाढत होती. शिक्षण चौथीपर्यंत, पण रांगोळी अशी काढायच्या की येणारी-जाणारी माणसं अंगणाबाहेरून वळसा घालून जायची.

एक दिवस दुपारी मी चौकटी काळ्या करत बसले होते. आई बराच वेळ मागे उभ्या राहून बघत होत्या.

"काय करून राहिली वं तू?" त्या म्हणाल्या. "डोये फुटतीन अशानं. आण इकडे ते. ठिपक्यायच्या रांगोळीपेक्षा का कठीण आहे हे?"

मी आधी नको नको म्हटलं. खरं तर मला आतून उकळ्या फुटत होत्या. त्यांनी पदर खोचला, पाट पुढे ओढला, आणि अर्ध्या तासात माझ्या मामेसासऱ्यांचा चेहरा मिशांसकट तयार! माझ्यापेक्षा कितीतरी नीट. त्या दिवसापासून काम वाटून घेतलं. फोटो गोळा करायचे मी, चौकटी भरायच्या आईंनी, टाइप करायचं मी. फोटो कुणाचे म्हणाल तर आमच्याच गोतावळ्याचे. परके कशाला फोटो देतात? रामटेकचे काका, काकू, जावा, भाचे, पिंकी, विलासच्या मुंजीतला विलास, सगळे पासपोर्ट फोटोसारखे समोर तोंड करून.

काम करता करता त्या विचारायच्या, हे पुढे कुठे जातं, कोण बघतं. मी त्यांना शिकवण्याच्या आवेशात सगळं सांगितलं.

"म्हणजे मशीन पाह्यते आपल्या लोकायकडे?"

"हो आई. एकेक फोटो हजारदा बघतं."

"हजारदा? काहून बाप्पा एवढं?"

"शिकायला, आई. बघितल्याशिवाय शिकणार कसं?"

त्यांच्या हातात तेव्हा पिंकीचा फोटो होता. त्या जरा वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या. मग "बरं" म्हणाल्या आणि कामाला लागल्या. मला वाटलं, चला, आईंना शास्त्र समजायला लागलं.

सगळी चित्रं भरून झाली, मी ती मशीनमध्ये घातली, शिकवणी सुरू केली. आणि काय सांगू! पहिल्या आठवड्यात चुका, दुसऱ्यात कमी चुका, आणि मग एक दिवस चूकच नाही. चेहरा दाखवला की पडद्यावर हिरवी अक्षरं, फेस. मडकं दाखवलं की, नॉट फेस. मी काही इतकी भोळी नव्हते हो. काही चित्रं मशीनला न दाखवता मुद्दाम बाजूला ठेवली होती, परीक्षेसाठी. तीही दाखवली. सगळी बरोबर! एकही चूक नाही!

शंभरातले शंभर. परदेशात मोठमोठ्या प्रयोगशाळांत घाम गाळून लोकांना जे जमत नव्हतं, ते प्रताप नगरच्या बाईनं पाटावर बसून केलं होतं. पाठक सरांनी मला आयुष्यात पहिल्यांदा कॅन्टीनमध्ये चहा पाजला. त्यांनी लगेच पुण्याला तज्ज्ञांना पत्र टाकलं की लवकर या, आमच्याकडे काहीतरी घडलंय.

इथं मी थांबायला हवं होतं. पण शहाणी माणसं थांबतात. मी म्हटलं, मशीन ओळखतं ते ठीक, पण ते नेमकं बघतं कुठे? म्हणून मी त्या जाळ्याच्या आत डोकावून पाहिलं. कोणती चौकट किती महत्त्वाची मानली, हे आकड्यांवरून कळतं. आणि बघते तर काय, डोळ्यांकडे त्याचं लक्ष नाही, नाकाकडे नाही, तोंडाकडे नाही. सगळं लक्ष एकाच चौकटीवर आणि तिच्या आजूबाजूला. डाव्या गालावर.

दुसरं कोणी असतं तर म्हणालं असतं, काहीतरी गडबड आहे, जरा ते कागद काढून बघू. मी काय केलं? मी सिद्धांत मांडला. माणूस माणसाला डाव्या गालावरून ओळखतो!

तुम्ही हसताय. तेव्हा कोणी हसलं नाही. विभागात मी त्यावर तासभर बोलले. फळ्यावर गाल काढला. डाव्या गालावर सावली कशी पडते, उजव्या हाताची माणसं समोरच्याकडे कशी बघतात, आई लेकराला कोणत्या बाजूला घेते, सगळी जुळवाजुळव केली. सुचायला लागलं की सुचतच जातं हो, त्याला काही आवर नसतो. पाठक सर डोळे मिटून मान हलवत होते. आता वाटतं, त्यांना झोप लागली असावी.

घरी मी विलासला सांगितलं. तो म्हणाला, डावा म्हणजे कोणाचा डावा? बघणाऱ्याचा की ज्याचा चेहरा आहे त्याचा? मी म्हटलं, तुला शास्त्रातलं काही कळत नाही. खरं सांगते, त्यावर मी तोवर विचारच केला नव्हता.

मग मी माणसांवर प्रयोग सुरू केले. डावा गाल झाकला तर माणूस ओळखू येतो का? शेजारच्या देशमुख काकूंकडे मी गालावर हात ठेवून गेले. त्यांनी मला दारातच ओळखलं, वर लवंगेचं तेल दिलं आणि दाढ काढूनच टाक म्हणाल्या. मी घरी येऊन नोंद केली, शेजारी, रोजचा परिचय, अपवाद.

मग लकडगंजात विलासच्या चुलत बहिणीचं लग्न निघालं. एवढे नातेवाईक एका ठिकाणी मला कुठे मिळणार होते? मी आमच्याकडच्या मंडळींना कोपऱ्यात घेऊन समजावलं की शास्त्रासाठी फक्त एवढंच करा, डाव्या गालावर हात ठेवून मुलाकडच्यांसमोरून जा. साखरपुड्याला सगळे एकमेकांना भेटलेच आहेत, ते ओळखतात का बघू. आमची माणसं मोठी गुणी. वहिनी सांगतात ना, मग ठेवू या. काका, काकू, मामेसासरे, सगळे गालावर हात ठेवून मांडवात फिरायला लागले.

सगळ्यांना सगळ्यांनी ओळखलं. एकाही ठिकाणी माझा सिद्धांत लागू पडला नाही. वरून वराच्या वडिलांनी विलासला बाजूला घेऊन हळूच विचारलं की तुमच्या घराण्यात दातांचं काही आहे का, आधी सांगायला हवं होतं. आणि त्याच वेळी फोटोग्राफरनं ग्रुप फोटो काढला. त्या अल्बमात आजही आमची बाजू अशी दिसते जणू सगळ्यांवर एकदम कुऱ्हाड कोसळली आहे.

मी तरी शहाणी झाले का? छे! मी घरी येऊन लिहिलं की ओळखतात खरं, पण अंमळ उशिरा ओळखतात.

शेवटी तो दिवस आला. पुण्याचे परांजपे सर आले. उंच, गोरे, कमी बोलणारे, आणि बोलले की प्रत्येक शब्द सुटा सुटा. समितीची माणसं रांगेत बसली, त्यात ते घरसंसारवाले गृहस्थही. सगळ्यांच्या चपला-बूट बाहेर. आज मशीननं नाव काढलं तर मी राहते, नाही तर सामान बांधायचं, एवढं सरळ होतं ते.

मी एकेक चित्र दाखवत गेले. मामेसासरे, फेस. मडकं, नॉट फेस. पिंकी, फेस. किटली, नॉट फेस. समितीतली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मी डाव्या गालाचा सिद्धांत थोडक्यात सांगितला. परांजपे सर ऐकत होते आणि स्वतःच्या डाव्या गालावरून बोट फिरवत होते. मला वाटलं, पटलं.

मग त्यांनी खिशातून पाकीट काढलं, त्यातला स्वतःचा पासपोर्ट फोटो काढला आणि म्हणाले, "आता मला ओळखायला सांगा."

मी म्हटलं, का नाही? बटर पेपर ठेवला, सगळ्यांदेखत स्वतः चौकटी भरल्या, पाठक सरांनी आकडे वाचले, मी टाइप केले. बटण दाबलं.

नॉट फेस.

मी म्हटलं, टाइप करताना चुकलं असेल. पुन्हा केलं. नॉट फेस. पाठक सरांनी धावत जाऊन कपाटातून स्वतःचा फोटो आणला. तोही भरला. नॉट फेस. त्या घरसंसारवाल्या गृहस्थांनी आपल्या ओळखपत्रावरचा फोटो पुढे केला, आणि खरं सांगू, त्यांना मशीननं माणूस म्हटलं नाही तेव्हा एवढ्या संकटातही मला थोडं बरं वाटलं.

पण पुढच्याच क्षणी मी समोर पाहिलं. परांजपे सर शांतपणे वहीत काहीतरी लिहीत होते. पाठक सर खिडकीबाहेर बघत होते. मला दिसत होतं की संपलं सगळं, एवढ्या वर्षांचं माझं काम या खोलीत, या लोकांसमोर संपतंय.

आणि नेमक्या त्याच वेळी दारात आई. पाहुण्यांच्या नाश्त्यासाठी त्यांनी सकाळपासून खपून सांबारवडी, म्हणजे आमच्याकडची कोथिंबिरीची वडी, केली होती, ती गरम गरम घेऊन स्वतः रिक्षानं आल्या होत्या. चपला बाहेर काढून, डबा छातीशी धरून त्या आत आल्या. माझा चेहरा बघून त्यांना कळलं की काहीतरी बिनसलंय. त्या माझ्याजवळ आल्या, टेबलावरचा परांजपे सरांचा कागद त्यांनी पाहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"यायले तीट नाही लावली वं तू?"

परांजपे सरांनी पेन खाली ठेवलं.

"कसली तीट?" परांजपे सरांनी विचारलं.

"अवं बाप्पा, तीट नाही माहीत तुमाले?" आईंना त्यांची दया आली. "लेकराले दृष्ट लागू नये म्हणून गालावर काजयाचा ठिपका लावते ना, ते. हे मशीन हजारदा पाह्यते म्हणे एकेकाकडे. हे सुनबाईनंच सांगतलं मले. मंग आपल्या घरच्या लोकायले मी तसंच कसं धाडू तिच्यापुढं? लावली मी सगळ्यायले एक एक."

असं म्हणून त्यांनी माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि कागदावरच्या परांजपे सरांच्या डाव्या गालावर एक चौकट काळी केली. अगदी मनापासून. पाहुणा माणूस, त्यालाही उपाशी ठेवायचं नाही आणि उघडंही ठेवायचं नाही.

मी यंत्रासारखी उठले आणि ती एक चौकट बदलून बटण दाबलं.

फेस.

आता परांजपे सरांना रंग चढला. ते खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "आजी, जरा या संत्र्याला लावता?" आईंना हे पटलं नाही, संत्र्याला कोणाची दृष्ट लागते, पण पाहुण्यांचा मान म्हणून लावली. फेस. किटलीला लावली. फेस. कंदिलाला लावली. फेस. पुण्याचे एवढे मोठे गृहस्थ लहान मुलासारखे एकेका वस्तूचा कागद पुढे करत होते, आई तीट लावत होत्या, आणि माझं मशीन मडक्यागाडग्यांना पटापट माणसांत घेत होतं.

बिचाऱ्या मशीनची काय चूक? त्याला मी विचारलं होतं, या सगळ्यांत सारखं काय आहे ते शोध. त्यानं शोधलं. डोळे वेगळे, नाकं वेगळी, मिशा कोणाला आहेत कोणाला नाहीत. तीट मात्र सगळ्यांना होती, आणि मडक्यांना नव्हती.

परांजपे सर हसायचे थांबले तेव्हा त्यांनी मला विचारलं, "बाई, हे कागद तुमच्याच हातून गेले ना? तुम्हाला दिसलं नाही?"

आणि खरंच हो. प्रत्येक चेहऱ्याच्या गालावर ती चौकट होती आणि प्रत्येक वेळी मी माझ्याच बोटानं तिथे एक टाइप केला होता. मी काय सांगणार? मी म्हटलं, सर, दिसली असेल. पण आमच्या घरात लेकराच्या गालावर रोजच तीट असते. असलेलीच गोष्ट कोण बघतं?

यावर त्यांनी वहीत आधी लिहिलेलं खोडलं. मग पाठक सरांना म्हणाले की हिला अजून एक वर्ष द्या. हिनं माणूस ओळखणारं मशीन बनवलेलं नाही, पण माणसाला काय दिसत नाही ते हिला सापडलंय, त्यावर लिहू द्या. फक्त पुढच्या वेळी चौकटी हिनं स्वतः भरायच्या. समितीनं मान हलवली, कारण तोवर सांबारवडीचा डबा उघडला होता.

घरी येताना रिक्षात आई रिकामा डबा मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या. जेवायला वाढलं तर ताटावरून उठल्या.

"माह्यामुळे झालं का वं सगळं?" त्यांनी मला विचारलं. "तुही डिग्री गेली असती ना?"

मला सांगा, अशा माणसावर रागावणार कसं? खरं म्हणजे दुपारी त्या खोलीत मी रागावले होते, खोटं कशाला बोलू. पण मग मला दिसलं, की पाटावर बसून, गुडघे दुखत असताना, त्यांनी रामटेकच्या एकेका माणसाला त्या मशीनपासून वाचवलं होतं. मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, नाही आई, ते मशीनच भैताड आहे, त्याला अक्कल नाही. मग त्या जेवल्या. मला त्यांची इतकी माया पूर्वी कधी वाटली नव्हती.

पुढचं वर्षभर चौकटी मी एकटीनं भरल्या. आई लांब बसून पिंकीला भरवायच्या आणि मध्येच विचारायच्या की तीट नाही तं नाही, मीठ-मोहऱ्या तरी ओवाळू का मशीनवरून. मी हात जोडायची. नव्या चित्रांवर मशीन चुकायला लागलं, भरपूर चुकायला लागलं, आणि त्या चुकांतूनच माझा प्रबंध लिहून झाला. त्यातलं सगळ्यात मोठं प्रकरण अर्थातच त्या ठिपक्याचं. जे रोज समोर असतं ते माणसाला दिसेनासं कसं होतं.

मग तोंडी परीक्षेचा दिवस. यात पास झाले की झाले डॉक्टर. विलास ऑफिसात लवकर गेला होता, संध्याकाळी न्यायला येणार होता. मी नवी साडी नेसले, आरशात शेवटचं बघितलं, पिशवी घेतली आणि उंबऱ्यात आईंच्या पाया पडले. त्या पिंकीचं आवरून उठल्या होत्या. त्यांनी मला उभं केलं, दोन्ही हातांत माझा चेहरा घेतला, गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "जाय. भिऊ नको." मला एकदम भरून आलं. रिक्षात बसेपर्यंत डोळे पुसत होते.

परीक्षा अशी झाली म्हणून सांगू! परांजपे सर पुण्याहून आले होते. तीच समिती समोर. मी उभी राहिले आणि बोलत सुटले. आपल्या ओळखीच्या चेहऱ्यावरची खूण आपली नजर कशी गाळून टाकते, आपण बघतो पण आपल्याला दिसत नाही, हे मी फळ्यावर काढून, हातवारे करून समजावलं. आणि सगळी खोली माझ्याकडे बघून हसत होती. छद्मी नाही हो, कौतुकानं. ते घरसंसारवाले गृहस्थसुद्धा गालातल्या गालात हसत होते. एवढा मन लावून ऐकणारा श्रोता मला जन्मात मिळाला नव्हता. मी आणखी पुढे सरसावले, आणखी उजेडात उभी राहिले.

प्रश्न संपले. परांजपे सर उठले, माझं अभिनंदन केलं, म्हणाले, आता तुम्ही डॉक्टर. मग जरा थांबून म्हणाले,

"बाई, तुमचं ते पहिलं मशीन आज इथं असतं ना, तर या खोलीतल्या सगळ्या लोकांत त्यानं फक्त तुम्हालाच माणूस म्हटलं असतं."

सगळे खदखदून हसले. एवढी मोठी स्तुती! मी हात जोडून म्हटलं, सर, ही सगळी तुमच्या मार्गदर्शनाची कृपा.

बाहेर विलास पेढ्यांचा पुडा घेऊन स्कूटरवर वाट बघत होता. मी धावत गेले, म्हटलं, झाले, डॉक्टर झाले, आणि सर काय म्हणाले माहीत आहे का, म्हणून ते वाक्य त्याला जसंच्या तसं सांगितलं. तो माझ्याकडे बघतच राहिला.

"तू पूर्ण वेळ अशीच होतीस? आत, सगळ्यांसमोर?"

"अशीच म्हणजे कशी?"

त्यानं स्कूटरचा आरसा माझ्या तोंडाकडे वळवला. डाव्या गालावर, चांगली ठसठशीत, काजळाची तीट. आणि तासभर मी त्या लोकांना समजावत होते की ती माणसाला दिसत कशी नाही.